दीपगृह कुणाबरोबर पाहिलं?

तिसरा चांगला की पाचवा, एवढाच प्रश्न होता. एवढ्यावरून माणसाच्या घरातली बॅग भरून दाराशी येते, असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे पाठवलं असतं. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा इमारतीत तो एकटाच.

तिसरा आणि पाचवा म्हणजे एका परदेशी हेराच्या सिनेमांतले. हा हेर आमच्या तरुणपणी कामाला लागला आणि अजून निवृत्त झालेला नाही. मधल्या काळात नट बदलले, मोटारी बदलल्या, आणि शत्रू तर इतके बदलले की आपण नक्की कुणाशी लढतोय हे त्यालाही वरिष्ठांना विचारावं लागत असेल. आम्ही मात्र पाणीपुरवठा खात्यात वेळेवर गेलो आणि वेळेवर निवृत्त झालो. मला निरोप देताना खात्याने घड्याळ दिलं. त्या हेराला कुणी घड्याळ दिलं की त्यात हमखास बॉम्ब असतो. माझ्या घड्याळात सेलसुद्धा नव्हता.

वाद घालायला आमच्याकडे कॅप्टन आहेत. ते वरच्या मजल्यावर राहतात. कॅप्टन सैन्यात नव्हते आणि जहाजावरही नव्हते. विमा कंपनीच्या क्रिकेट संघाचे ते एकदा कप्तान झाले, तेही नेमलेला कप्तान गालगुंडाने आडवा झाला म्हणून. संघ हरला, नाव टिकलं. योगायोग असा की कॅप्टन, मी आणि माझी बायको तिघंही मूळ एकाच गावचे. मात्र गावात असताना कॅप्टनची आणि आमची ओळख नव्हती. ती इथे, पार्किंगमधल्या बाकावर झाली, आणि आमच्या गावाला थिएटरं दोन होती हा विषय निघाल्यापासून तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही उरलं नाही.

वरचं थिएटर आणि खालचं थिएटर. मालक एकच, आणि तो असा संशयी माणूस की सावली मागे आली तरी तिच्याकडे तिकीट मागेल. ऑपरेटर लोक सकाळी चोरून आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना सिनेमा दाखवतात, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. म्हणून मध्यंतरानंतरची सगळी रिळं तो स्वतःच्या घरी कपाटात कुलपात ठेवायचा. अर्धा सिनेमा चोरून पाहण्यात कुणाला काय गोडी? मध्यंतर झालं की त्याचा माणूस सायकलवर डबे लादून आधी वरच्या, मग खालच्या थिएटरात पोचते करायचा. त्यामुळे आमच्या गावातलं मध्यंतर लांबलचक असे. त्या मध्यंतरात लग्नं जमल्याची उदाहरणं आहेत. मोडल्याचीही आहेत.

एका आठवड्यात त्या मालकाने वरच्या थिएटरात हेराचा तिसरा सिनेमा लावला आणि खालच्यात पाचवा. वरचा मी पाहिला, खालचा कॅप्टनांनी. तेव्हापासून मी तिसऱ्याचा आणि ते पाचव्याचे. मधली चाळीसेक वर्षं आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो, एवढीच काय ती शांतता.

त्या संध्याकाळी बाकावर मी नेहमीचंच बोललो. म्हणालो, "तिसऱ्यासारखा सिनेमा पुन्हा होणे नाही. तो दीपगृहावरून उडी मारतो ना, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो."

"उड्या माकडंही मारतात," कॅप्टन म्हणाले. "पाचव्यात तो विषाचा कप बदलतो, ते बघा. त्याला डोकं लागतं."

तेवढ्यात आमची ही जिन्यातून खाली आली. हातात इस्त्रीला द्यायचे कपडे होते. तिने जाता जाता, सहज, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा आवाजात सांगितलं, "कप तिसऱ्यात बदलतो. आणि तिसऱ्यात दीपगृह नाही."

"अगं, असं काय करतेस? आपण दोघांनीच तर पाहिला. लग्न ठरलं होतं तेव्हा. वरच्या थिएटरात."

"तिसरा पाहिला. त्यात बर्फ होतं, हॉटेल होतं, तो काचेच्या डोळ्याचा मेला खलनायक होता. समुद्र नव्हता. समुद्रच नाही तिथे दीपगृह कोण बांधील? तुमचं खातं?"

कॅप्टन मध्ये पडले. माणूस मदत करायला मध्ये पडतो तेव्हा दोन्हीकडचे जायबंदी होतात. "वहिनी, समुद्र पाचव्यात आहे. जहाजच आहे. आता दीपगृह मला काही आठवत नाही, पण असलंच तर ते पाचव्यात असेल."

ही थांबली. कपड्यांचं बोचकं तिने एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"पाचवा मी पाहिलेलाच नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "तुम्ही दीपगृह कुणाबरोबर पाहिलंत?"

कपडे इस्त्रीला गेले. तिथे वाट बघत आणखी चार बायका बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात तपास सुरू झाला. मी सत्यवचनी माणूस आहे. पाण्याचा दाब कमी असेल तर कमी आहे असंच लिहीत आलो. त्यामुळे मला तपासाची भीती नव्हती. पण निर्दोष माणसाची एक अडचण असते. त्याला काय लपवायचं हेच ठाऊक नसल्यामुळे तो सगळीकडेच चाचपडतो. ही जुने फोटो भिंग लावून पाहू लागली. लग्नाच्या आधीच्या सहलीच्या एका फोटोत माझ्या खांद्यामागे एक कोपर दिसतं, ते कुणाचं, असा प्रश्न आला. मी म्हटलं, आठवत नाही. "आठवत नाही," ती म्हणाली, आणि फोटो बाजूला ठेवला. पुराव्याची वस्तू ठेवतात तसा.

मग तिने माझ्या भांडार विभागातल्या जुन्या मित्राला फोन लावला. हा मित्र जिवाला जीव देणारा. तिने एवढंच विचारलं की हे तेव्हा सिनेमाला कुणाबरोबर जात होते. तो ताडकन म्हणाला, "छे, वहिनी! त्या दिवशी तो माझ्याबरोबर होता."

"कुठल्या दिवशी?"

"तुम्ही म्हणाल त्या."

फोन स्पीकरवर होता. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

मी स्वतःही प्रामाणिकपणे विचार केला की कुणाबरोबर गेलो असेन बरं? शेवटी स्मृती ही काही आपल्या एकट्याच्या ताब्यातली वस्तू नाही. त्या काळातल्या सगळ्या बायका नजरेसमोर आणल्या. फार वेळ लागला नाही. ऑफिसात एक टंकलेखिका होती, ती मला पंचविसाव्या वर्षी काका म्हणायची. घरमालकांची एक भाची होती, तिने मला एकदा किती वाजले ते विचारलं होतं. मी बाही वर करून घड्याळ बघेपर्यंत तिची बस आली आणि ती गेली. एवढ्या भांडवलावर पाचवा सिनेमा बघणं शक्य नव्हतं.

लेकीचा फोन आला. "बाबा, मी कुणाचीच बाजू घेत नाहीये," ती समजुतीने म्हणाली. "फक्त नाव सांगा."

शेवटी हिनेच निकालाची रीत सांगितली. दोन्ही सिनेमे लावायचे, शनिवारी तिसरा, रविवारी पाचवा, आणि तेही खालच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. "घरात का नको?" मी विचारलं. "घरात रिमोट तुमच्या हातात असतो," ती म्हणाली. आणि मग कपाटाच्या माथ्यावरून मोठी बॅग काढून तिने पलंगावर उघडली. "दीपगृह पाचव्यात निघालं, तर रविवारी सिनेमा संपला की मी लेकीकडे. तिथून पुढचं पुढे."

कॅप्टनांना हे ऐकून वाईट वाटलं आणि आनंदही झाला. वाईट आमच्या संसाराचं, आनंद पाचव्याचा मोफत खेळ होणार याचा. दोन्ही सिनेमांच्या डीव्हीडी त्यांच्याकडे होत्या. पुतण्याने भेट दिलेला सगळा संच, तो त्यांनी कधी फोडलाही नव्हता. "मला पाठ आहे, बघायचा कशाला?" असं ते म्हणत. शेवटी मी दोन्ही सिनेमांची तुलना करणारं छोटं भाषण करावं असंही ठरलं.

भाषणाची तयारी मी जोरात केली. गडी संकटात असला तरी अभ्यास सोडू नये. तिसऱ्यातल्या खलनायकावर माझा एक सिद्धांत होता. पूर्वार्धात हा गृहस्थ एका डोळ्याने अधू असतो आणि उत्तरार्धात पायाने अधू होतो. म्हणजे पाप हे वरून खाली उतरत जातं, असं दिग्दर्शकाला सुचवायचं आहे. हा विचार मला तरुणपणीच सुचला होता आणि त्याच्या जोरावर मी अनेक ठिकाणी चार लोकांत बोललो होतो. कुणी हरकत घेतली नव्हती.

हॉलसाठी सेक्रेटरीकडे गेलो. आमचा सेक्रेटरी म्हणजे गेटवर कॅमेरा बसवून त्याचं तोंड स्वतःच्या स्कूटरकडे करणारा माणूस.

"हेराचा सिनेमा?" त्याने चष्म्यावरून विचारलं. "म्हणजे पाळत ठेवण्याचा?"

"जुना आहे हो. परदेशी आहे."

"परदेशी! आणि प्रयोजन काय?"

"तुलनात्मक अभ्यास."

"कशाची तुलना?"

"तिसऱ्या आणि पाचव्या भागाची."

"पहिला, दुसरा आणि चौथा का वगळला?"

मग त्याने अडचणी काढायला सुरुवात केली. वायरमनने विजेचा भार तपासून द्यायला हवा. आवाजाला सगळ्या मजल्यांची संमती हवी. हॉलमधल्या खुर्च्या सकाळच्या व्यायामवर्गाच्या मालकीच्या, त्यांना विचारायला हवं. आणि हॉलची किल्ली खजिनदाराकडे, ज्याच्याशी सेक्रेटरी गच्चीवरच्या गळतीपासून बोलत नव्हता, म्हणून तीही मीच मागायला हवी, पण मागताना सेक्रेटरीने पाठवलंय असं म्हणायचं नाही. मी खजिनदाराकडे गेलो. त्याने विचारलं, "सेक्रेटरीने पाठवलंय का?" मी नाही म्हणालो. "मग त्याला न विचारता मी किल्ली कशी देऊ?"

आणि मग एक चमत्कार झाला. इस्त्रीवाल्याकडची बातमी मजले चढत वर गेली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतः माझ्या दाराशी. हातात किल्ली.

"अहो, आधी का नाही सांगितलंत?" त्याने माझा खांदा दाबला. "तुमच्याकडे बघून वाटत नाही हो. मानलं."

वायरमन न बोलावता आला. व्यायामवर्गाने खुर्च्या स्वतः मांडल्या. ज्यांनी इतकी वर्षं मला जिन्यात ओळख दाखवली नव्हती ते पुरुष मान लववून बाजूला होऊ लागले. लिफ्टमध्ये एकाने हलक्या आवाजात विचारलं, "दिसायला कशी होती?" मी नुसता हसलो. ते हसणं माझं नव्हतं, पण मला शोभलं असावं.

सल्ल्यांची तर रीघ लागली. तळमजल्यावरच्या मावशींनी मला जिन्याखाली गाठलं. "कबूल करून मोकळे व्हा, भाऊ. आमचे हे शेवटपर्यंत कबूल करत नव्हते. त्यातच गेले."

"पण मावशी, कबूल करण्यासारखं काही नाही हो."

"तेही हेच म्हणायचे."

दुसऱ्या मजल्यावरचे वकील याच्या उलट. "काही कबूल करू नका. ती बाई हयात आहे?"

"कोणती बाई?"

"छान! हेच उत्तर द्या."

शनिवारी दुपारी हॉल भरला. खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. ही पहिल्या रांगेत मावशींच्या शेजारी बसली. माझ्यासाठी मागे, एका बाजूला, दोन्हीकडे एकेक खुर्ची सोडून एक खुर्ची ठेवली होती. आरोपीचा पिंजरा असा असतो हे मला ठाऊक नव्हतं, पण ओळखू आला.

तिसरा सुरू झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. सगळं जसंच्या तसं! ते बर्फ, ते डोंगरावरचं हॉटेल, काळ्याभोर केसांची पिवळ्या कोटातली नायिका, आणि काचेच्या डोळ्याचा खलनायक. मध्यंतराच्या आधी तो हॉटेलच्या जिन्यावरून गडगडत खाली येतो, तेही अचूक. मी पुढे वाकून शेजारच्या रिकाम्या खुर्चीला म्हणालो, "बघा, आता समुद्र येईल."

समुद्र आला नाही. मध्यंतर झालं, पाणी पिऊन झालं, आणि पुन्हा तेच हॉटेल, तेच बर्फ. खलनायक कपडे झटकून उठला आणि दोन्ही पायांवर ताठ चालू लागला. माझा सिद्धांत तिथेच लंगडा झाला. मग हेर आणि खलनायक समोरासमोर बसले. मध्ये दोन कप. हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, त्यामुळे हिची कुजबुज मला स्पष्ट ऐकू आली.

"मावशी, आता बघा हं. कप दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाचा कान उडालेला आहे. तो त्या कानाकडे बघतोय."

पुढच्या क्षणी पडद्यावर कान उडालेला कप दिसला. हेराने खिडकीकडे बोट दाखवलं, खलनायकाने मान वळवली, आणि कप बदलले गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टन मात्र उठून उभे राहिले. "हा प्रसंग पाचव्यातला आहे! इथे कुणी घातला?"

"खाली बसा!" मागून सगळे ओरडले.

सिनेमा संपला. दीपगृह आलं नाही. दिवे लागले तेव्हा अख्खा हॉल पडद्याकडे पाठ करून माझ्याकडे बघत होता.

रविवारी पाचवा. घरून निघताना दाराशी बॅग उभी होती, पट्टे आवळून. मी तिच्या बाजूने, पाय लागू न देता बाहेर पडलो.

पाचवा सुरू झाला. जहाज, सोनेरी केसांची हिरव्या झग्यातली नायिका, आणि काठी टेकत लंगडणारा एक खलनायक. यातलं मी काहीही पाहिलेलं नव्हतं. आता गंमत बघा. जे पाहिलेलं नाही ते बघताना माणसाचा चेहरा कसा असायला हवा? ही अधूनमधून मागे वळून माझं तोंड तपासत होती, आणि मी पहिल्यांदाच बघतोय असं दाखवायचा इतका प्रयत्न करत होतो की मला स्वतःलाच माझा संशय येऊ लागला. कॅप्टन मात्र खुशीत होते. प्रत्येक प्रसंगाआधी ते पुढचं सांगत होते आणि ते बरोबर निघत होतं.

मग मध्यंतर झालं. आणि समुद्रातून, धुक्यातून, माझं दीपगृह वर आलं.

तेच पांढरं, तेच वळणाचा जिना असलेलं. मला सगळं येत होतं. जिन्यात दिवा विझणार, लंगडा वर अडकणार, सोनेरी केसांची ती खालून ओरडणार. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. मनाला बजावलं, बाबा रे, आज काय वाटेल ते होऊ दे, हलायचं नाही. आणि हेराने उडी मारली.

मी उभा होतो.

"ओळख पटली," वकील अंधारात म्हणाले.

पडद्यावर हेर पोहून किनाऱ्याला लागला, पण कुणाचं लक्ष नव्हतं. ही उठली. पदर सारखा केला. मावशींनी तिचा हात धरला. आणि नेमक्या त्या वेळी कॅप्टन, जे मध्यंतरापासून गप्प होते, रडवेल्या आवाजात म्हणाले, "पण हे मी कधीच पाहिलेलं नाही! मध्यंतरापर्यंत सगळं बरोबर होतं. आता इथे बर्फ हवं. इथे कप हवा. तो लंगडायचा थांबायला हवा!"

"लंगडायचा थांबायला हवा म्हणजे?" वकिलांनी विचारलं.

"म्हणजे लंगडणं सोंग असतं ना त्याचं! मध्यंतरानंतर तो सरळ चालतो आणि त्याचा एक डोळा हलत नाही. मी तर म्हटलं, काय पाताळयंत्री माणूस आहे!"

माझ्या डोक्यात काहीतरी खडखडलं. म्हणालो, "आमच्याकडे उलटं. आमच्याकडे डोळ्याचा अधू होता तो मध्यंतरानंतर लंगडायला लागला. आम्हाला वाटलं, जिन्यावरून पडला त्याने पाय मोडला असेल."

"आणि डोळा?"

"परदेशात औषधपाणी पुढारलेलं असतं."

"आणि बाईचे केस? काल काळे होते, आज सोनेरी आहेत."

"धुतले असतील," मी म्हणालो. थिएटरातल्या सगळ्यांना तेव्हा असंच वाटलं होतं. भाषा कुणाला कळत नव्हती, हेर तोच होता, त्याचा कोटही तोच होता, आणि हेराच्या सिनेमात माणसं वेष पालटणारच. संशय घ्यायचा तरी कशाचा?

कुणीतरी दिवे लावले आणि वकील उजेडात आले. आयुष्यात त्यांना इतकी चांगली उलटतपासणी मिळाली नसावी. "तुम्ही कुठे होतात?" मी म्हणालो, वरच्या थिएटरात. "आणि तुम्ही?" कॅप्टन म्हणाले, खालच्या. "वार?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, रविवार. "त्या दिवशी मध्यंतरात काही विशेष?"

कॅप्टनांनी माझ्याकडे बघितलं. मी कॅप्टनांकडे.

"सायकलवाला!" आम्ही दोघं ओरडलो.

पुढचं सांगायलाही लागलं नाही, पण आम्ही सांगितलं, दोघांनी मिळून, एकमेकांची वाक्यं तोडत. तो संशयी मालक, ते कुलपातलं कपाट. दोन्ही सिनेमे एकाच हेराचे, दोन्हीच्या डब्यांवर तेच नाव. सायकलवाल्याने पाचव्याचा उत्तरार्ध वर दिला आणि तिसऱ्याचा खाली. वरच्या लोकांना बर्फातून थेट समुद्र मिळाला, खालच्यांना जहाजातून थेट हॉटेल. दोन्हीकडे टाळ्या पडल्या. तक्रार कुणीच केली नाही, त्यामुळे मालकाला कळलंही असेल तर फक्त त्यालाच. आणि त्यानंतर चाळीसेक वर्षं मी जो सिनेमा तिसरा म्हणून जगाला ऐकवत आलो तो जगात कुणी काढलेलाच नव्हता. कॅप्टनांचा पाचवाही तसाच.

सगळा हॉल हिच्याकडे बघू लागला. ही पुन्हा खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे दीपगृह तुम्ही माझ्याबरोबरच पाहिलंत."

"मी काय सांगत होतो?"

मला वाटलं होतं, लोक आता मला खांद्यावर घेतील. तसं काही झालं नाही. मावशी म्हणाल्या, "म्हणजे काहीच नव्हतं?" आणि वाचत असलेल्या कादंबरीची शेवटची पानं कुणी फाडलेली निघावीत तसा चेहरा करून निघून गेल्या. लिफ्टवाल्या गृहस्थाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सेक्रेटरीने किल्ली मागून घेतली आणि विचारलं, "वायरमनचं पत्र कुठे आहे?" तुलनात्मक भाषण कुणी मागितलं नाही. लेकीला फोनवर सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अच्छा." त्या अच्छामध्ये किती निराशा होती ते बापालाच कळेल.

घरी येऊन हिने बॅग रिकामी केली. साड्या कपाटात लावता लावता म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"की तुमच्याच्याने तसलं काही व्हायचं नाही."

निर्दोष सुटलेल्या माणसाला इतकी मोठी शिक्षा कुठल्या न्यायालयाने दिली नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आरामखुर्चीत पडून दोन्ही सिनेमे मनात पुन्हा लावून बघत होतो. आता मन शांत होतं, पाप वरून खाली उतरण्याचा सिद्धांत रद्द केला होता, आणि तुलना निःपक्षपातीपणे चालली होती. पाचव्याचा उत्तरार्ध सरस, तिसऱ्याचा पूर्वार्ध सरस. म्हणजे आमच्या सायकलवाल्याने जुळवलेला सिनेमाच सगळ्यांत उत्तम. इथवर आलो आणि कपाशी अडखळलो.

कान उडालेला कप.

कप तिसऱ्याच्या उत्तरार्धात आहे. तिसऱ्याचा उत्तरार्ध त्या दिवशी वरच्या थिएटरात आलाच नव्हता. मी कप आयुष्यात पहिल्यांदा परवा पाहिला. हिने मात्र कान उडालेला आहे हे आधीच सांगितलं. कप बदलतात हे एखादा हुशार माणूस ओळखील. पण कान?

मी सरळ होऊन बसलो. ही स्वयंपाकघरात चहा करत होती.

"काय गं," मी आवाज सहज ठेवून म्हणालो, "तिसरा पूर्ण सिनेमा तू कुणाबरोबर पाहिलास?"

आतला चमचा थांबला. फार नाही, जरासाच. मग पुन्हा ढवळू लागला.

"तुमच्या आईंबरोबर," ती म्हणाली.

"आईबरोबर?"

"त्याच आठवड्यात. तोवर डबे सुधारले असतील. आई म्हणाल्या, चल, मुलाबरोबर गेलीस, आता माझ्याबरोबर चल. सून अंधारात कशी वागते ते बघायचं होतं त्यांना."

"मग दोन्ही वेळा सिनेमा वेगळा होता हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"तुमच्याबरोबर गेले तेव्हा मध्यंतरानंतर मी पडद्याकडे कुठे बघत होते? तुमच्याकडे बघत होते. म्हटलं, हा माणूस मधेच उभा का राहतोय? याच्याशी लग्न करावं की नाही?"

उत्तर चोख होतं. फारच चोख. मी खात्यात इतकी वर्षं काढली आहेत. खऱ्या माणसाच्या उत्तराला कुठेतरी गळती असते. माझी आई अंधाराला घाबरायची, दिवसासुद्धा जिन्यात दिवा लावायला लावायची. ती सिनेमाला गेल्याचं मी कधी ऐकलं नाही. आणि तिला विचारावं तर ती आता नाही. साक्षीदार निवडावा तर असा. हिने हेराच्या खात्यात शिकवायला हरकत नाही.

"आई काही म्हणाली होती का, सिनेमा बघून?" मी विचारलं.

ती दोन कप घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर ठेवले. "म्हणाल्या, हे कप बदलायचं नीट बघून ठेव, मुली. माझ्या मुलाशी संसार करायचाय, उपयोगी पडेल."

हे मात्र आईचंच वाक्य होतं. किंवा आईला वर्षानुवर्षं नीट ऐकलेल्या माणसाचं. ते ठरवता येईना. मी कपांकडे पाहिलं. दोन्ही सारखेच, फक्त माझ्या पुढ्यातल्या कपाचा कान जरासा उडालेला. हे मी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, ते बघ, खिडकीबाहेर कॅप्टन!" मी म्हणालो.

तिने वळून खिडकीकडे पाहिलं. मी पटकन कप बदलले.

"कुठे आहेत कॅप्टन?"

"गेले वाटतं."

"असं?" ती बसली. "आणि दाराशी कोण आहे बघा. बेल वाजली ना?"

बेल वाजल्यासारखं मला काही वाटलं नव्हतं. पण मी उठून दार उघडलं. कुणीच नव्हतं. परत आलो, तेव्हा ती शांतपणे चहा पीत होती, आणि कान उडालेला कप पुन्हा माझ्या पुढ्यात होता.

मी प्यायलो. साखर नेहमीएवढीच होती.